पाच मिलिमीटर

या अंकासाठी काहीतरी लिहा, असं इथल्या मराठी मंडळाची माणसं मला गेली कित्येक वर्षं सांगताहेत. डॉक्टर, तुमच्याकडे किस्से काय कमी असतील, असं म्हणतात. किस्से आहेतच. पण त्यातला एक दाबून ठेवून बाकीचे रंगवून सांगणं मला जमत नव्हतं, आणि तो एक सांगण्याची हिंमत नव्हती. यंदा ज्या मुलीची ती गोष्ट आहे, तिला विचारून लिहितो आहे. तिच्या घरच्यांची नावं मी बदलली आहेत. स्वतःला मात्र कुठे झाकलेलं नाही.

मी फिजिशियन. धारला दवाखाना, आणि मंगळवार-शुक्रवार देवासला बसतो. दोन्हीकडे इकोचं मशीन आहे. पोटातलं बाळ ज्याने बघतात त्याच जातीचं हे यंत्र. छातीवर थंडगार जेली लावायची, त्यावर हातातला ठोकळा फिरवायचा, की पडद्यावर हृदय दिसू लागतं. करड्या-काळ्या रंगात, हलणारं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी पेशंटला विसरून पडद्याकडे बघत राहिलो होतो. पेशंट एक म्हातारी होती. ती म्हणाली, "भिया, ऐसा क्या दिख गया, हमको भी तो बताओ." मी पडदा तिच्याकडे वळवला. तिने पदर नीट केला आणि हात जोडले. स्वतःच्याच हृदयाला. त्यानंतर हजारो हृदयं पाहिली, पण त्या बाईने जे केलं ते आपणही करावं, असं मला अजून रोज एकदा तरी वाटतं.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातलं एवढंच कळलं तरी पुढचं सगळं कळेल. हृदयातून निघणारी पहिली आणि सगळ्यात मोठी नळी म्हणजे महाधमनी. साधारण तीन सेंटिमीटर रुंद. तिच्या उगमाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. रक्त बाहेर जाताना उघडते, परत येऊ पाहिलं की मिटते. दिवसातून लाखभर वेळा, जन्मभर, बिनतक्रार. काही माणसांत या नळीची भिंत मुळातच कच्ची असते, किंवा वयाने, रक्तदाबाने कच्ची होते. मग ती उगमाशीच फुगायला लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबला गाठ येते तशी. दुखत नाही, खुपत नाही. माणूस जेवतो, भांडतो, मांडूला सहलीला जातो. फुगवटा एका मापाच्या पुढे गेला, की कुठल्याही क्षणी भिंत आतून चिरते. त्यानंतर बहुतेकदा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून सगळा खेळ मापाचा. पडद्यावर नळीच्या एका काठावर एक फुली ठेवायची, समोरच्या काठावर दुसरी. मशीन मधलं अंतर सांगतं. त्या आकड्यावर ठरतं की थांबायचं, की कापायचं. आणि कापायचं तर कसं.

नालछ्याचे एक गुरुजी माझ्याकडे वर्षानुवर्षं येत. फुगवटा होता, पण मधल्या मापाचा, आणि वय सत्तरीच्या पुढे. त्यांना मी रक्तदाबाची गोळी आणि सहा महिन्यांनी फेरी एवढंच सांगितलं होतं. ते दर वेळी आकडा वहीत लिहून घेत आणि म्हणत, "उत्तीर्ण ना?" थांबणं हाही एक उपचार असतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

दुसरे बदनावरचे सोयाबीनचे व्यापारी. त्यांची नळी आणि झडप दोन्ही बदलावी लागली. कापडी नळी, तिच्या तोंडाशी धातूची झडप. ही झडप झिजत नाही, पण तिच्यावर रक्त गोठू शकतं, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि गोळी बरोबर बसली की नाही ते पाहायला वरचेवर रक्त तपासावं लागतं. शिवाय ती वाजते. शेठजी सांगत, "दुकान पे गिराक आता है तो टिकटिक सुन के दीवार की घड़ी देखता है. घड़ी तो मेरी दो साल से बंद पड़ी है." एका चातुर्मासात त्यांनी पालेभाजी सोडली. पालेभाजीने त्या गोळीचा जोर कमी होतो, ती बंद केली की वाढतो. तपासणीला आले तेव्हा रक्त इतकं पातळ झालेलं की मला घाम फुटला. थोडक्यात निभावलं. व्रत नको असं मी म्हणालो नाही, पुढच्या वर्षी आधी मला भेटून मग व्रत धरा म्हणालो. आता ते धरतात तसंच.

तिसरी एक वाट असते. नळी कापून टाकायची, पण माणसाची स्वतःची झडप ठेवायची. पाकळ्या चांगल्या असल्या तर त्या नव्या कापडी नळीच्या आत शिवून बसवायच्या. फार नाजूक, फार वेळखाऊ काम. सगळे सर्जन करत नाहीत. जमलं तर जन्मभराची गोळी नाही, टिकटिक नाही. पण पुढे कधी ती झडप गळू लागली, तर छाती पुन्हा उघडावी लागते. ही वाट पुस्तकात वाचली होती. डोळ्यांनी पाहायची वेळ आली ती पल्लवीमुळे.

पल्लवी धारच्या दळव्यांची. दळवी म्हणजे संस्थानच्या काळापासून दरबारात चाकरीला असलेलं घर, आणि सगळ्या गावात त्यांची ओळख उंचीवरून. सहा फुटांखाली पुरुष नाही, बायकाही तशाच, लांब हात, लांब बोटं. दळव्यांच्या घरी पंखा पुसायला स्टूल लागत नाही, असं लोक म्हणत. दुसरी ओळख म्हणजे त्यांची मरणं. पणजोबा दरबाराच्या दारात पहाऱ्यावर उभे असतानाच गेले. आजोबा दाढी करता करता. "दळवी अंथरुणाला खिळत नाहीत, उभ्या उभ्या जातात," हे त्या घरात अभिमानाने सांगत. श्राद्धाच्या पंगतीत, बारशाला, कुठेही. पुण्यवान घराणं, असं ऐकणारा म्हणायचा. मी डॉक्टर, मीही म्हणायचो. उंच हाडं, लांब बोटं, तरण्याताठ्या वयात अचानक मरण. हे सगळं एकत्र वाचायला मला विद्यापीठाने शिकवलं होतं. पण घर ओळखीचं होतं, आणि ओळखीच्या घरात आपण रोग शोधत नाही.

आठ वर्षांपूर्वी पल्लवीचे वडील, तात्या दळवी, माझ्याकडे आले. कचेरीतून निवृत्त झाले होते. पल्लवीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं आणि पत्रिका वाटताना जरा दम लागतो म्हणाले. टेबलावर आडवे झाले तर पाय बाहेर. मी जेली लावत होतो आणि ते सांगत होते की अहेर काय देणार ते आधी कबूल करा, मग तपासा. व्याही देवासचे, मुलगा कारखान्यात सुपरवायझर, घर मूळ साताऱ्याकडचं, माणसं साधी आहेत. मी हुं हुं करत फुल्या ठेवत होतो.

पाच पूर्णांक एक. पुन्हा मोजलं. पाच पूर्णांक दोन. पुन्हा. पाच पूर्णांक एक.

बाहेर बाकावर त्यांचे मेहुणे आणि दोन पुतणे बसले होते. धारमध्ये रिपोर्ट पेशंटच्या हातात सगळ्यात शेवटी पडतो. आधी बाहेर बसलेली माणसं वाचतात, मग त्यांच्या ओळखीचा कुणी कंपाउंडर वाचतो, मग आळी. पाचाच्या पुढचा आकडा म्हणजे त्याच आठवड्यात इंदूर गाठा. म्हणजे लग्न मोडणार किंवा पुढे जाणार, आणि नवऱ्या मुलीच्या बापाचं हृदय फुटायला आलंय ही बातमी देवासला बसच्या आधी पोचणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात आलं. मी हात सरकवला आणि वरची फुली किंचित आत घेतली. मशीनने मुकाट्याने आकडा बदलला. चार पूर्णांक सहा. पाच मिलिमीटर, हरभऱ्याच्या लहान दाण्याएवढं अंतर.

"थोडी रुंद आहे," मी म्हणालो. "गोळी देतो. वजन उचलायचं नाही. लग्न झालं की निवांत बघू."

लग्न झालं. तात्यांनी वजन उचललं नाही, पण वरात येईस्तोवर तासन् तास उभे राहिले. मी जेवायला होतो, जिलबी वाढायला स्वतः आले होते. निवांत बघण्याचा दिवस मी रोज पुढे ढकलत होतो. नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बाजारात, भाजीची पिशवी हातात असताना, त्यांच्या पाठीत कळ आली. लोक सांगत होते की पडले नाहीत, भिंतीला टेकून उभे होते. उभ्यानेच गेले.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मुलीचं लग्न पाहून गेला, कुणाला त्रास नाही दिला, भाग्यवान. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, सगळ्यांसमोर मला हात जोडले. म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर तपासलंत, गोळी दिलीत, म्हणून कन्यादान तरी झालं त्यांच्या हातून." त्यांनी दिलेला चहा मी घेतला.

सांगितलं असतं तर तात्या वाचले असते का? मला माहीत नाही. ऑपरेशनलाही नाही म्हणाले असते कदाचित. पण नाही म्हणायचा हक्क त्यांचा होता, तो मी फुलीबरोबर आत सरकवला. आणि त्याहून वाईट पुढचं. हा दोष रक्तातून उतरतो. मी तेव्हाच दळव्यांच्या सगळ्या मुलाबाळांना बोलावून तपासायला हवं होतं. पण का बोलावलं हे सांगताना तात्यांचा आकडा बाहेर आला असता. मी कुणालाच बोलावलं नाही. सात वर्षं.

सात वर्षांनी एका शुक्रवारी देवासच्या दवाखान्यात पल्लवी येऊन बसली. तिथल्या हिंदी शाळेत ती गणित शिकवते. मूल हवं होतं, आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई हुशार. वडील कसे गेले हे विचारलं, तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि आधी हृदय तपासून या म्हणाल्या. मला पाहून पल्लवीला बरं वाटलं. "अरे वा, आपले काकाच," असं म्हणून टेबलावर चढली. तिचेही पाय बाहेर.

चार पूर्णांक सात. तीनदा तेच. मी तोच आकडा लिहिला आणि तिला बसवून सगळं सांगितलं. वडिलांचं सोडून सगळं.

इंदूरला आम्ही एकत्रच गेलो. पल्लवी, तिचा नवरा संदीप, सासूबाई, आणि घरचा डॉक्टर म्हणून मी. सर्जन माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कमी बोलणारे. त्यांनी कागदावर चित्र काढून धातूची झडप आणि स्वतःची झडप हे दोन्ही रस्ते समजावले. प्राण्याच्या झडपेचाही एक रस्ता सांगितला आणि या वयात ती लवकर झिजते म्हणून बाजूला ठेवला. धातूच्या झडपेला लागणारी गोळी गर्भाला धोक्याची असते, हेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, वडिलांची काही कागदपत्रं? पल्लवीने प्लास्टिकच्या फाइलमधून माझा जुना रिपोर्ट काढला. काकूंनी जपून ठेवला होता.

सर्जननी तो वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. "इनके पिताजी की चार दशमलव छह पे फट गई? और ये चार दशमलव सात पे हैं." त्यांचा हिशेब सरळ होता. ज्या घरात भिंत इतक्या लवकर चिरते, तिथे भिंतीचा पोत फारच वाईट असणार. अशा पोतात झडप वाचवण्याच्या फंदात पडू नये. ताबडतोब, याच आठवड्यात, धातूची बसवा आणि बाहेर पडा. मुलाचा विचार मग सोडून द्यावा लागेल, निदान फार अवघड होईल.

सासूबाई लगेच म्हणाल्या, एकदाच काय ते होऊन जाऊ द्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही घरचेच, तुम्हीच ठरवा. मी खुर्चीत बसून होतो. टेबलावर माझी सही असलेला खोटा आकडा पडला होता, आणि त्याच्यावरून एका मुलीचं आयुष्य ठरत होतं. सर्जन जे म्हणतात ते विचार करून म्हणतात, एवढंच म्हणालो.

परत येताना गाडीत पल्लवी खिडकीला पाठ न लावता ताठ बसली होती. म्हणाली, "काका, हिशेबाने माझं तर आधीच व्हायला हवं होतं ना? चार-सहा तर मी केव्हाच पार केलं." मग हसून म्हणाली की कालपासून शिंक आली तरी दाबून धरते, भीती वाटते. संदीप गाडी चालवत होता, त्याने स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. मी बाहेर बघत राहिलो. ती मरणाला घाबरत होती, आणि त्यातली निम्मी भीती माझ्या हाताने लिहिलेली होती.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सर्जनना फोन केला. तो रिपोर्ट बरोबर नाही म्हणालो. त्यांनी विचारलं, नापने में गलती हुई थी? मी म्हणालो, "नापा सही था. लिखा गलत." मग ते म्हणाले, "सर, ये मुझे नहीं, उनको बताइए. चुनना उनको है." फोन ठेवताना त्यांनी नमस्कार म्हटलं नाही.

संध्याकाळी मी देवासला तिच्या घरी गेलो. काकू धारहून लेकीजवळ आल्या होत्या. त्या नसताना सांगावं असं एकदा मनात आलं, पण मग तेही लपवणंच झालं असतं. मी दोघींसमोर सांगितलं. पाच पूर्णांक एक, फुली, बाहेर बसलेले पुतणे, लग्न, सगळं. पाच मिनिटंही लागली नाहीत. सात वर्षांत मी ते मनात इतक्या वेळा जुळवलं होतं की शब्द शोधावे लागले नाहीत.

काकू उठल्या, आत गेल्या, आणि थोड्या वेळाने मला आतून भांडी घासल्याचा आवाज ऐकू आला. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होत्या बहुधा.

पल्लवी माझ्याकडे बघत होती. शाळेत उत्तर चुकलेल्या मुलाकडे बाई बघतात तसं. रागावण्याआधी समजून घ्यायचं, असं.

"किती वेळा मोजलं होतं?"

"तीनदा."

"तिन्ही वेळा पाचच्या वर?"

"हो."

ती उठली, फाइल घेऊन आली, रिपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. "काट मारा. खरा आकडा लिहा. सही करा, आणि तारीख आजची घाला." मी तिने सांगितलं तसं केलं. तिने कागद उचलून दिव्याखाली धरून वाचला. "अब ठीक है," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "डॉक्टर, मग आता दुसरा रस्ता उघडा आहे ना?" काका म्हणाली नाही. आजतागायत म्हणालेली नाही.

दुसरा रस्ता उघडा होता. तात्यांचं पाचाच्या पुढे गेल्यावर झालं म्हटल्यावर सर्जनचा हिशेब बदलला. ऑपरेशन करायचंच, पण याच आठवड्यात धावत नको. नीट तयारी करून, झडप वाचवण्याचा प्रयत्न करायचा. शेवटचा निर्णय मात्र छाती उघडून पाकळ्या पाहिल्यावर. पाकळ्या खराब निघाल्या तर धातूची. दोन्हीवर आधीच सही द्यायची.

घरात वाद झाला तो मला संदीपकडून कळला. सासूबाई म्हणत होत्या, पुन्हा छाती उघडायची वेळ आली तर? पल्लवी म्हणाली, तर पुन्हा उघडतील. दर महिन्याला सुई टोचून रक्त द्यायचं आणि रोज गोळीकडे बघून दिवस मोजायचा, तेही मला छोटं वाटत नाही. मूल होईल न होईल, पण ते आधीच खोडून मला आत जायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, हिला गणिताचा हट्ट. पण ऑपरेशनच्या दिवशी देवीचा अंगारा घेऊन पहाटेपासून इस्पितळाच्या दारात त्याच उभ्या होत्या, आणि आत सोडत नाहीत म्हणून रखवालदाराशी साताऱ्याच्या मराठीत भांडत होत्या. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी त्याने सोडलं.

सर्जननी मला आत उभं राहायची परवानगी दिली. का दिली ते मी विचारलं नाही.

हृदय मी आयुष्यभर पडद्यावर, करड्या रंगात पाहिलं होतं. त्या दिवशी ते उघडं, ओलं, लालसर पिवळं, दिव्यांच्या प्रकाशात उड्या मारत होतं. आणि त्याच्या माथ्यावर तो फुगवटा. भिंत इतकी पातळ झालेली की आतून रक्त भोवऱ्यासारखं फिरताना बाहेरून दिसत होतं. चार पूर्णांक सात या आकड्यामागे हे होतं. पाच पूर्णांक एकामागे तात्यांमध्ये काय असेल ते मी तिथे उभ्या उभ्या पाहिलं.

मग शरीराचं सगळं रक्त यंत्राकडे वळवलं आणि हृदय थांबवलं. थंड औषध आत गेलं, एक-दोन ठोके रेंगाळले, आणि ते सैल पडलं. पडद्यावरची रेघ सपाट झाली आणि खोलीत कुणीही दचकलं नाही. उलट सगळे शांतपणे कामाला लागले. आयुष्यभर त्या रेघेला घाबरलेला मी एकटाच तिच्याकडे बघत होतो.

सर्जननी नळी उघडली आणि चिमट्याने पाकळ्या उचलल्या. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढ्या, पारदर्शक, तीनही अखंड. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "देखिए सर. कितनी सुंदर है." तिसेक वर्षं लाखभर वेळा रोज उघडमीट करून त्यांच्यावर एक सुरकुती नव्हती. भिंत तेवढी कच्ची निघाली होती, पण पाकळ्यांनी काम सोडलं नव्हतं.

पुढचे तीन-साडेतीन तास मी हललो नाही. पांढऱ्या कापडी नळीच्या आत ती झडप बसवणं, केसाएवढ्या दोऱ्याने शेकडो टाके, हृदयाला रक्त देणाऱ्या दोन बारीक वाहिन्या कापून पुन्हा जागेवर शिवणं. मग त्यांनी नळीत पाणी ओतलं. पाण्याखाली तीनही पाकळ्या एकमेकींना भिडून मिटल्या. पाणी खाली गेलं नाही. कुणीतरी श्वास सोडला, तो मीच होतो.

रक्त परत सोडलं. हृदय आधी नुसतं थरथरलं. मग एक ठोका. मग बराच वेळ नाही. मग दुसरा, आणि लागोपाठ. अन्ननलिकेतून घातलेल्या इकोवर झडप पडद्यावर दिसू लागली. सर्जन हात वर धरून उभे होते, मोजमाप भूलतज्ज्ञ करणार होते. सर्जन मला म्हणाले, "आप नापिए." पाकळ्या किती उंचीवर भिडतात ते मोजायचं होतं. ते माप कमी आलं तर झडप पुढे गळणार, आणि मग आत्ताच पुन्हा हृदय थांबवून धातूची बसवणं बरं. मी फुल्या ठेवल्या.

"आठ मिलिमीटर," मी म्हणालो.

"ज़ोर से. सबको सुनाई दे."

"आठ मिलिमीटर. लीक नाम का भी नहीं."

त्यांनी मान हलवली आणि छाती बंद करायला घेतली.

पल्लवी आठव्या दिवशी घरी गेली. मूल झालं की नाही, होणार की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. इतकंच सांगतो की तिची झडप आजही तशीच मिटते आहे, आणि ती दर सहा महिन्यांनी येऊन आकडा स्वतः पडद्यावरून वाचून घेते.

त्यानंतरच्या एका रविवारी मी धारच्या दवाखान्यात दळव्यांच्या रक्ताच्या सगळ्या माणसांना बोलावलं. काकूंनीच निरोप दिले. मला फोन न करता, परस्पर. अकरा जण आले. माझा बाक बुटका, सगळे दळवी गुडघे छातीशी घेऊन बसले होते आणि एकमेकांना चिडवत होते. का बोलावलं ते मी आधी सगळ्यांना उभ्याने सांगितलं. चिडवणं थांबलं. दोघे उठून गेले, त्यातला एक पुतण्या होता, त्या दिवशी बाहेर बसलेला. बाकीचे नऊ तपासून घेतले. दोघांना लक्ष ठेवावं लागणार आहे. आकडा मी आधी पेशंटला सांगतो आता, दार लावून. उठून गेलेला पुतण्या महिन्याभराने आला. टेबलावर झोपला आणि छताकडे बघत म्हणाला, बरोबर मोजा.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो पल्लवीला वाचून दाखवला. तिची शाळा हिंदीतली, मराठी वाचायला तिला वेळ लागतो. ती डोळे मिटून ऐकत होती. तात्यांच्या टेबलाशी मी आलो, लग्न, पुतणे, देवासला पोचणारी बातमी, तेव्हा तिने हात वर केला.

"हे माझ्या लग्नाचं राहू द्या, झालं ते झालं. पण कारण म्हणून नका घालू. ते ओझं मी का घेऊ?"

मी म्हणालो की तेव्हा डोक्यात तेच आलं होतं, खोटं नाही.

"आलं असेल. पण डॉक्टर, लग्न तर झालं होतं. पुढचे नऊ दिवस का नाही सांगितलं?"

मी ते पान पुन्हा वाचलं.

तिचं बरोबर आहे. तात्या टेबलावर पडून अहेराची मस्करी करत होते, आणि हसणाऱ्या माणसाला तुझ्या छातीत काय आहे ते सांगायला मी घाबरलो. लग्न त्या साली नसतंच, तरी ती फुली मी आत सरकवली असती.